आधी मान्यता, मग भाषा : जर्मनी करार राबवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कौशल्य विकासमंत्री आणि मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

मी ठाण्यात, नौपाड्यात, जर्मनचे वर्ग घेते. पूर्वी माझ्याकडे दोनच तऱ्हेची मुलं यायची. आखेन-म्युनिकला एमएस करायला निघालेले इंजिनिअर, आणि अकरावी-बारावीला मार्क चांगले पडतात म्हणून जर्मन घेतलेली कॉलेजची पोरं. आता चेहरे बदललेत. संध्याकाळच्या बॅचला ऐरोलीच्या एका हॉस्पिटलातून ड्युटी संपवून थेट येणारी स्टाफ नर्स असते, अंबरनाथ एमआयडीसीतला इलेक्ट्रिशियन असतो, घोडबंदर रोडवर स्कूलबस चालवणारे एक चाळिशीचे गृहस्थ असतात. एरवी ही मंडळी माझ्या वाटेला कधी आली नसती. ती आली आपल्या करारामुळे. त्याबद्दल आधी आभार मानते आणि मग तक्रारीकडे वळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार माणसं पाठवायची असं ठरलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक, हॉटेलातले कर्मचारी, बरीच लांब यादी होती. ओळख काही नवी नव्हती. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, आणि दोन्ही राज्यांची भागीदारी २०१५ पासूनची. वर केंद्राचं छत्रही होतं : ५ डिसेंबर २०२२ ला दिल्लीत एस. जयशंकर आणि ॲनालेना बेअरबॉक यांनी स्थलांतर आणि गतिशीलता भागीदारीच्या करारावर सह्या केल्या होत्या. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजार व्हिसांची मर्यादा ९० हजारांवर नेली. गंमत अशी की त्याच्या जेमतेम महिनाभर आधी त्याच जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणीनाकी बसवली होती. म्हणजे एका दाराला कडी आणि दुसऱ्या दाराशी रांगोळी. त्यात विसंगती काही नाही. कोण यावं, किती यावं आणि कुठल्या वाटेने यावं हे त्यांना स्वतः ठरवायचं आहे, आणि म्हणूनच ते आपल्यासारख्यांशी करार करतात. मग आपल्या बाजूने आपण काय ठरवून घेतलं, हा प्रश्न मला पडतो.

करार झाला आणि आपण सुरुवात केली ती भाषेपासून. नोंदणी करा, वर्ग काढा, शिक्षक शोधा. जर्मन शिकवून पोट भरणाऱ्या बाईने असं म्हणणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, तरी म्हणते : क्रम उलटा झाला. भाषा हा त्या वाटेवरचा दुसरा टप्पा आहे. पहिला टप्पा मान्यतेचा. आपलं इथलं प्रमाणपत्र तिथे काय किमतीचं धरलं जाईल, पूर्ण, अर्धवट की शून्य, हे ज्याला ठाऊक नाही त्याने वर्ष-दीड वर्ष क्रियापदं वाक्याच्या शेवटी न्यायचा सराव कशासाठी करायचा?

माझ्या वर्गातल्या एका नर्सचं सांगते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली, सात-आठ वर्षांचा अनुभव, त्यातला बराचसा आयसीयूतला. रात्रपाळी करून आली की लिहिताना पेन घसरायचं, पण बोलायला उभी केली की चोख. बी-टूच्या, म्हणजे जर्मनच्या ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतल्या चौथ्या पातळीच्या, तयारीत आम्ही पाळी बदलतानाच्या ओव्हरचा, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देण्याचा, सराव करतो : खोली क्रमांक चार, फ्राउ अमुक, वय ८२, रात्री इन्सुलिन किती दिलं, लघवी किती झाली, पाठीवरचा बेडसोअर आज कसा दिसतो. ती ते अशा आवाजात म्हणायची की मीच मान डोलावत वहीत लिहून घ्यायला लागे. भाषेत ती कुठे अडणार नव्हती. अडली ती तासांवर. जर्मन अधिकाऱ्यांना नुसती गुणपत्रिका पुरत नाही. कुठल्या विषयाचे थिअरीचे तास किती, वॉर्डातलं प्रात्यक्षिक किती, ते कुठल्या विभागात, असा तपशील शिक्षणसंस्थेच्या लेटरहेडवर लागतो. तिच्या नर्सिंग स्कूलमध्ये क्लार्कने विचारलं, ‘असं कुणी आजवर मागितलं नाही, फॉरमॅट आणा.’ फॉरमॅट कुणाकडे? मिळाला तेव्हा सही करणाऱ्या प्राचार्या निवृत्त झाल्या होत्या. तोवर तिच्या बी-वनच्या प्रमाणपत्राची शाई वाळून कितीतरी दिवस लोटले होते.

बरं, कागद पोचले तरी पुढे काय होतं हे इथे कुणी समजावून सांगत नाही. आपल्या जीएनएमला तिथे सहसा थेट पूर्ण मान्यता मिळत नाही. कमतरतेचा निर्णय हातात पडतो : वृद्धसेवेचे तास कमी, अमुक प्रात्यक्षिक कमी. मग एकतर जुळवणीचा अभ्यासक्रम करायचा, नाहीतर ज्ञानपरीक्षा द्यायची. कागदांची तुलनाच नको, थेट त्या दोहोंपैकी एक करते, असं म्हणायची मुभा २०२४ पासून आहे. पण कसंही करा, बी-टू आणि मान्यता दोन्ही हातात येईपर्यंत आपली आयसीयूची सिस्टर तिथे मदतनीस म्हणून राबते, मदतनिसाच्या पगारावर. ती जात असेल तर तिने जरूर जावं. पण विमानात बसण्याआधी तिला हे ठाऊक असावं.

आणि कामही वेगळं असतं. आपल्याकडे पेशंटचं अंग पुसणं, जेवण भरवणं, कूस बदलणं हे मावशी करतात, आयाबाई करतात, नाहीतर पेशंटची सून करते. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शन देते, डॉक्टरांच्या राउंडला फाइल घेऊन उभी राहते. जर्मनीत आंघोळ घालण्यापासून सगळं नर्सचं, आणि शिरेतली सुई बहुतेकदा डॉक्टरची. इथे ज्या कामाने मान मिळतो ते तिथे हातातून जातं, आणि इथे जे मावशींचं मानलं जातं ते तिथे व्यवसायाचा गाभा समजतात. यात उच्च-नीच काही नाही, माझ्या मते तर त्यांचीच रीत जास्त बरी. पण हे तिथे गेल्यावर कळलं की माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाला दातीव-अकुझातिव या जर्मन विभक्ती आठवत नाहीत. आपल्या प्रशिक्षणात याचा एकतरी तास असावा. तो जर्मनच्या शिक्षिकेने नाही, तिथे दोन-तीन वर्षं काढून आलेल्या आपल्याच नर्सने घ्यावा.

आता आयटीआयकडे येते, कारण संख्येने खरी माणसं तिथली. वागळे इस्टेटच्या आयटीआयतून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडणारा मुलगा दोन वर्षांचा ट्रेड करतो. जर्मनीत त्याच कामाचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, आठवड्यातले बहुतेक दिवस कंपनीत आणि उरलेले शाळेत. तुलना केली की फरक निघणारच. तो किती निघतो, हे कुणी पाहायचं? सध्या ते तो मुलगा पाहतो, एकटा. काम इमारतींच्या वायरिंगचं असेल तर तिथल्या हस्तव्यवसाय चेंबरकडे अर्ज, कारखान्यातलं असेल तर न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसाकडे, म्हणजे उद्योग चेंबरांच्या मान्यता कार्यालयाकडे. अभ्यासक्रमाचं भाषांतर करून घ्यायचं, शुल्क भरायचं, थांबायचं. शेजारच्या बाकावरचा त्याचा मित्र तोच ट्रेड, तोच अभ्यासक्रम घेऊन पुन्हा तीच सगळी उस्तवार करतो. अभ्यासक्रम देशभर एक, परीक्षा एक. मग तुलना माणसागणिक का?

बसचालकाचा मामला थोडक्यात. भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने चालतो. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन त्यांचा काढावा लागतो, आणि व्यावसायिक चालकाची पात्रता वेगळी. आमच्या घोडबंदरवाल्या गृहस्थांना हे माझ्या वर्गात कळलं. ‘मॅडम, वीस वर्षं घोडबंदरला गाडी चालवली, ती परीक्षा धरत नाहीत का?’ वर्ग हसला. तेही हसले. पुढच्या आठवड्यापासून आले नाहीत.

आपण म्हणाल, बाई, हे सगळं जर्मन कायद्यातलं आहे, महाराष्ट्र काय करणार? इथेच माझा मुद्दा आहे. व्हिसा बर्लिनच्या हातात आणि परराष्ट्र धोरण दिल्लीच्या, हे खरं. पण नर्सची मान्यता जर्मनीत केंद्राकडे नसते, ती राज्यांकडे असते. बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये तो निर्णय श्टुटगार्टच्या प्रादेशिक प्रशासनात होतो. आणि आपल्या बाजूला नर्सिंग कौन्सिल राज्याची, आयटीआय चालवणारं संचालनालय राज्याचं. म्हणजे ज्या गाठीशी माणूस अडतो, तिची दोन्ही टोकं करारावर सह्या करणाऱ्यांच्याच हातात आहेत. दोन सार्वभौम देशांना जे सहज जमत नाही ते दोन राज्यांना जमू शकेल, असा हा दुर्मीळ विषय. तो सोडून आपण नेमकी भाषा धरली, जी मी किंवा माझ्यासारख्या दहा जणी नाहीतरी शिकवतच होतो.

तेव्हा मागणी एकच आहे, आणि ती साधी आहे. पहिल्या चार-पाच व्यवसायांची तुलना सरकारने सरकारशी बसून एकदाच करावी. जीएनएमचा अभ्यासक्रम, तासांसकट, प्रमाणित जर्मन भाषांतरात श्टुटगार्टला द्यावा, त्यांच्याकडून लेखी उत्तर घ्यावं : इतकं धरलं, इतकं कमी, ते असं भरून काढता येईल. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर यांचंही तसंच, तिथल्या चेंबरांना सोबत घेऊन. उत्तर आलं की ते मराठीत छापावं आणि प्रत्येक आयटीआयच्या, नर्सिंग स्कूलच्या फलकावर लावावं. जे कमी निघेल त्यातलं इथेच काय शिकवता येईल ते बघावं. वृद्धसेवेचे तास ठाण्या-डोंबिवलीतल्या वृद्धाश्रमांत का होणार नाहीत? तासांच्या तपशिलाचा नमुना एकच ठरवून सगळ्या संस्थांना पाठवावा, म्हणजे क्लार्कला ‘फॉरमॅट आणा’ म्हणायची सोयच उरणार नाही.

कागदांवरून आणखी एक. अपॉस्टिल नावाचा शिक्का बऱ्याच जणांना ठाऊक असेल. हेग कराराच्या सदस्य देशांत एकमेकांचे दाखले त्या एका शिक्क्यावर चालतात. भारत त्यात २००५ साली आला, तेव्हा जर्मनीने हरकत घेतली. त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू झाला नाही, आणि आपले जन्म-विवाहाचे दाखले वेगळ्या, वेळखाऊ पडताळणीतून जात राहिले. म्हणजे एका टेबलावर १० हजार माणसांचा करार, आणि दुसऱ्या टेबलावर त्याच माणसांच्या कागदावर अविश्वास. हरकत का घेतली असेल हे आपणही जाणतो. खोटे दाखले विकणाऱ्या आपल्या दुकानांची कीर्ती दूरवर आहे. त्याला उत्तर म्हणून डिजिलॉकरसारख्या सोयीतून थेट संस्थेकडून पडताळता येतील अशी प्रमाणपत्रं द्यावीत, आणि किमान करारातल्या माणसांपुरती ती ग्राह्य धरावीत असा आग्रह आपण धरावा. त्यासाठी दिल्लीला पत्र लिहावं लागेल. लिहावं.

आता पैशांचं. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाला १८ देशांत कामाला जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी लागते. त्यात आखाती देश जवळजवळ सगळे येतात. मुंब्र्याचा, भिवंडीचा किंवा रत्नागिरीचा माणूस सौदीला जातो तेव्हा त्याचा करार निदान केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर चढतो, विमा उतरतो. नर्सला, ती कितीही शिकलेली असो, या देशांत सरकारी मार्गानेच जावं लागतं. जर्मनी त्या १८ मध्ये नाही. का असावी, तिथले कायदे कडक आहेत. पण परिणाम असा की ठाण्याहून जर्मनीला कोण, कुणामार्फत, काय मोजून गेलं, याची नोंद होईलच असं नाही. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वरचा जीएसटी, याहून जास्त घेऊ नये असा नियम आहे. माझ्या वर्गातल्या मुलांनी सांगितलेले आकडे मी इथे लिहीत नाही. लिहिले तर मलाच पुरावा विचारला जाईल, आणि पावती कुणाकडेही नाही. ‘भाषा प्रशिक्षण’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘मुलाखतीची तयारी’ अशी निरनिराळी नावं दिली की मर्यादा ओलांडता येते, एवढं मात्र मी जवळून पाहिलं आहे. स्टेशनबाहेरच्या खांबांवर ‘जर्मनी जॉब, शंभर टक्के गॅरंटी’ची स्टिकरं आहेत आणि त्यांतल्या काहींवर सरकारच्या योजनेचा हवाला आहे. त्या खांबाखालून मी रोज जाते.

हा खर्च उमेदवाराने करायचाच नसतो, ही काही हवेतली कल्पना नव्हे. जर्मनीतच परदेशी नर्सभरतीसाठी न्याय्य भरतीचं सरकारी गुणचिन्ह आहे, त्याची अटच ही की भरतीचा खर्च मालकाने उचलायचा. कुशल कामगाराच्या व्हिसाच्या वेगवान प्रक्रियेचं ४११ युरो शुल्कही मालक भरतो, आणि कागद पूर्ण असतील तर मान्यतेचा निर्णय दोन महिन्यांत अपेक्षित असतो. केरळने डिसेंबर २०२१ मध्ये नोर्का रूट्स या परदेशस्थ मल्याळींसाठीच्या आपल्या सरकारी संस्थेमार्फत जर्मन रोजगार यंत्रणेशी ट्रिपल विन नावाचा करार केला. निवडलेल्या नर्सना बी-वनपर्यंतची भाषा तिथे फुकट शिकवतात, म्हणजे पैसे तिकडचा मालक देतो. आणि क्रम पाहा : आधी मुलाखत, निवड, मालक ठरलेला, आणि मग भाषा. फिलिपिन्सने तर हेच २०१३ मध्ये सुरू केलं. केरळात परदेशस्थांसाठी स्वतंत्र खातं १९९६ पासून आहे, परदेशी नोकऱ्यांची सरकारी कंपनी त्याच्याही आधी १९७७ पासून. मल्याळी लोक जगभर आहेत म्हणून त्यांचं खातं आहे, असं आपण म्हणतो. मला वाटतं काही अंशी उलटंही आहे.

‘इथे सिव्हिल हॉस्पिटलात नर्स पुरत नाहीत आणि तुम्ही बाहेर पाठवा म्हणता?’ असं मला घरातच ऐकवलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण कंत्राटी पगारावर राबणाऱ्या मुलीला ‘देशासाठी थांब’ सांगायचा अधिकार, तिचा पगार वाढवल्याशिवाय, मला तरी नाही. तिकडच्या मालकाला गरज असेल तर त्याने आपल्या इथल्या नर्सिंग स्कूलच्या दोन-चार जागांचा खर्च उचलावा, असं कलम करारात मागता येईल. मागायला काय जातं?

आणि पोचल्यानंतर? कंपनीने पाठवलेल्या इंजिनिअरची सोय झालेली आहे. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक सुरक्षा करारामुळे त्याला ठरावीक मुदतीत दोन्हीकडे वर्गणी भरावी लागत नाही. जो तिथल्याच मालकाकडे नोकरीला लागला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी दोन्ही देशांतली सेवा जोडून धरतात. हे माझ्या वर्गातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. घरमालकाने अनामत अडवली, पाळ्या करारापेक्षा जास्त लावल्या, मान्यतेची फाइल रखडली, तर कुणाला फोन करायचा? भारताचा वाणिज्य दूतावास म्युनिकला, श्टुटगार्टहून सव्वादोनशे किलोमीटरवर. महाराष्ट्र मंडळं आहेत, ती गणपती बसवतात, नव्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात जुना कोटही देतात, त्यांचे उपकार मोठे. पण मालकाला जाब विचारणं हे मंडळाचं काम नव्हे. श्टुटगार्टमध्ये महाराष्ट्राचा एक मराठी-जर्मन बोलणारा माणूस, एक टेबल, एक नंबर, एवढं दोन्ही सरकारांनी मिळून उभं करावं. त्याचा पगार १० हजार माणसांच्या करारात सहज बसेल.

हो, आणि तिथल्या म्हाताऱ्या पेशंटना माझं पुस्तकी जर्मन येत नाही, ते श्वेबिश ही तिथली बोली बोलतात. पहिले तीन महिने आपल्या मुलींना काही म्हणता काही कळत नाही. एवढ्या बाबतीत सरकारला दोष नाही.

नवीन आयटीआय प्रवेशांच्या माहितीपत्रकात प्रत्येक ट्रेडपुढे एक रकाना वाढवा : जर्मनीत मान्यता पूर्ण, अंशतः की नाही. ज्या ट्रेडचं उत्तर अजून आलेलं नाही तिथे ‘विचारणा सुरू आहे’ असं स्वच्छ लिहा, तारखेसह. माझ्या पुढच्या ए-वन बॅचची नोंदणी सुरू आहे. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला मी सध्या आधी कागद घेऊन बसवते आणि मग फीचं बोलते. त्यात निम्मे परत जातात. तो रकाना आपण भरलात तर ते काम माझ्या अंगावरून उतरेल, आणि कोण कशासाठी परत गेला हे निदान आपल्याला कळेल.

कळावे,
आपली,
नौपाड्यातली एक जर्मन शिक्षिका, ठाणे